वेगळ्या ब्लॉगचे पेढे

सॉफ्टवेअर विकणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण सॉफ्टवेअर विकायला जाऊन दोन सोयरिकी जमवून आणि सॉफ्टवेअर पिशवीतच विसरून परत येणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो. ते मला 'पाव्हणं' म्हणतात. गेवराईच्या स्टँडजवळ एका गाळ्यात आम्ही दोघं इतकी वर्षं समोरासमोर बसलो, एका डब्यातलं जेवलो, तरी मी त्यांचा पाव्हणाच राहिलो.

धंदा छोटा होता. खत-बियाणांच्या दुकानांसाठी बिलं करण्याचा एक प्रोग्रॅम मी लिहिला होता. तो मराठीत चालायचा आणि बहुतेक वेळा नीट चालायचा. लिहायचं काम माझं, विकायचं आणि विकल्यानंतर निस्तरायचं काम दाजींचं. दाजींचं घराणं धारूरचं, पिढीजात दुकानदारीतलं. कपाळाला भस्म लावल्याशिवाय ते कुलपाला किल्ली लावत नसत. आमच्या गाळ्यात पूर्वी एसटीडी बूथ होता. मोबाइल आले आणि बूथ बसला, पण त्याची काचेची खोली तशीच उरली होती. दाजींनी ती आपली कचेरी केली. फोन आला की आत जाऊन दार लावून घ्यायचे. "खाजगी बोलणं असतं, पाव्हणं," म्हणायचे. मग ते खाजगी बोलणं समोरच्या हॉटेलातली माणसं चहा थांबवून ऐकत.

विकण्याची त्यांची एक रीत होती. पहिल्या खेपेला कॉम्प्युटर उघडायचाच नाही. गाव कोणतं, मामा कुठले, थोरली लेक कुठं दिली, एवढं विचारायचं, चहा घ्यायचा आणि उठायचं. मी एकदा कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "पोरगी बघायला गेल्यावर पयल्याच दिवशी तांदूळ टाकतो का आपण?" दुसऱ्या खेपेला मात्र दुकानदार स्वतःच म्हणायचा, की दाखवा बुवा एकदा काय असतं ते. दुरुस्तीची रीत तर त्याहून वेगळी. गिऱ्हाइकानं फोनवर आरडाओरडा सुरू केला की दाजी शांतपणे विचारत, "जेवलात का?" नाही म्हटलं की सांगत, "मग आदी जेवा. उपाशी माणसाचं मशीन ऐकत न्हाई." मला हे ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण ते भारनियमनाचे दिवस होते. माणूस जेवून येईपर्यंत गेलेली वीज आलेली असे, मशीन आपोआप सुरू होई आणि श्रेय दाजींना मिळे. शिरूर कासारचा एक दुकानदार अजून सांगतो, की आमच्या दाजींचा हात लई हलका हाय. दाजींनी त्याच्या मशीनला हात कधी लावलेलाच नाही.

मग आम्ही एक वेबसाइट केली आणि माझ्या दुःखाला सुरुवात झाली. तिच्यावर 'नवीन काय' म्हणून एक पान होतं. प्रोग्रॅममधल्या सुधारणा तिथं लिहायच्या, असा माझा साधा हिशेब. टायपिंग दाजींना चांगलं जमे, म्हणून ते पान मी त्यांच्याकडे दिलं. दाजींनी पहिल्याच आठवड्यात लिहिलं, "आपले धारूरचे गिऱ्हाईक अण्णा यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. भेटायला जाणाऱ्यांनी दुपारी जाऊ नये, ते झोपतात आणि उठवलं तर चिडतात." त्याखाली, "आपल्या एका गिऱ्हाइकाची भाची लग्नाची आहे. मुलगी गुणी. चौकशी आमच्या ऑफिसात." आणि सगळ्यात शेवटी, "जाता जाता : बिलावर तारीख उलटी छापत होती ती सुलटी केली आहे." ते पान लोक वाचत, हे खरं. नेट कॅफेत जाऊन वाचत. गुडघा कसा आहे ते विचारायला फोन येत. तारखेबद्दल कुणी विचारलं नाही.

एके दिवशी औरंगाबादहून एका बियाणे कंपनीचे साहेब आले. त्यांच्या सगळ्या विक्रेत्यांना आमचा प्रोग्रॅम सुचवायचा, असा त्यांचा विचार होता. गाळ्यात येण्याआधी त्यांनी आमची वेबसाइट वाचली होती. खुर्चीत टेकताच त्यांनी मला विचारलं, "तुमची ही सॉफ्टवेअर कंपनी आहे की वधू-वर सूचक मंडळ?" दाजी बूथमध्ये होते. काचेतून हसून नमस्कार करत होते.

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. एसटीत माझ्या पायावर कुणाचा पाय पडला तरी मीच माफी मागतो. तेव्हा दाजींचं लेखन थांबवणं मला शक्यच नव्हतं. मी मधला मार्ग काढला. प्रोग्रॅमसाठी एक वेगळा ब्लॉग काढायचा, त्यावर फक्त कामाचं लिहायचं, आणि ते मी लिहायचं. जुनं पान दाजींचं दाजींकडे. फुकट ब्लॉग मिळायचे तेव्हा. मी एका दुपारी बसून काढलासुद्धा. मग दाजींना इतक्या गोड शब्दांत समजावलं, की मीच मला ओळखू येईना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्क्रीनवर खालून वर एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बरं केलंत, पाव्हणं. कधी ना कधी करावंच लागतं."

दुसऱ्या दिवशी ते नारळ घेऊन आले. मॉनिटरला हळदकुंकू लावलं, सीपीयूवर फूल ठेवलं, आणि मग पेढ्यांचे पुडे घेऊन बाजारपेठेत निघाले. कापडवाला, चक्कीवाला, स्टँडवरचा कंट्रोलर, एकाला वगळलं नाही. "आमच्या पाव्हण्यानं नवीन काढलंय, तोंड गोड करा," म्हणत गेले. मला भरून आलं. माणूस किती मोठ्या मनाचा, असं वाटलं.

माझे वडील शाळामास्तर. बाजाराच्या रीती मला ठाऊक नव्हत्या. संध्याकाळी धारूरच्या अण्णांचा फोन आला, तो मीच घेतला.

"वेगळे झालात म्हणं तुमी."

"कोण म्हणालं, अण्णा?"

"म्हणायला कशाला पायजे? दाजीनं पेढे वाटले की. कावून झालं आसं? बायकांचं काय होतं का?"

"अहो, नुसता ब्लॉग वेगळा केलाय."

"त्ये काय बी आसू द्या. आमी कुणाच्या वाट्याला आलो, तेवढं सांगा." मग जरा खोकून ते म्हणाले, "तुमच्या आलो आसलो तरी चालंल, राग न्हाई. पण तुमी बोलत न्हाई जास्त."

त्यानंतर असे फोन येतच राहिले. प्रत्येकाला आपण कुणाच्या वाट्याला आलो ते हवं होतं, आणि माझ्या वाट्याला यायला कुणी राजी दिसेना. घरी गेलो तर बायकोनं ताट वाढलं आणि म्हणाली, "ताईच्या नवऱ्याला काढलंत, अन् मला ते पेढ्याच्या पुड्यावरून कळतंय."

सकाळी गाळ्यात गेलो तेव्हा दाजी बूथमध्ये बसले होते. मला आत बोलावलं. दोघं मावत नव्हतो, तरी दार लावून घेतलं. म्हणाले, "हे बघा, शिरूरवाल्याला सकाळी फोन करू नका, पूजेत असतो. अन् त्याच्या थोरल्या भावाचं नाव काढू नका, बोलत न्हाईत दोघं. अण्णाला चूक सांगायची न्हाई, मशीनची चूक म्हणायचं."

"हे मला कशाला सांगताय?"

"आता तुमालाच करावं लागंल की."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "दाजी, मी तुम्हाला जा म्हणालो का?"

"तुमी कशाला म्हणताल? शहाणा माणूस म्हणत नसतो. पान वेगळं करून देतो. समोरच्यानं समजून घ्यायचं."

"मग पेढे कशाला वाटले?"

"वेगळं होताना थोरल्यानं वाटायचे असतात, पाव्हणं. न्हाई वाटले तर बाजार म्हणतो, धाकट्यानं लुबाडलं. तुमाला इथंच धंदा करायचाय."

हे ते इतक्या सहज म्हणाले, की त्या काचेच्या खोलीत मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मी काय काय बोललो ते आता आठवत नाही. प्रोग्रॅम मी एकट्यानं चालवू शकणार नाही आणि चालवायचाही नाही, एवढं मात्र नक्की बोललो. दाजी उठले, माझा हात धरून समोरच्या हॉटेलात घेऊन गेले, रस्त्याकडेच्या बाकावर मला बसवलं आणि एकच प्लेट भजी मागवली. दोघांनी एका प्लेटमधून खायची, सावकाश. चक्कीवाला बघून गेला, कापडवाला बघून गेला. कंट्रोलर तर उगाच दोनदा पाणी प्यायला आला. भजी संपल्यावर दाजी म्हणाले, "आता कुणी विचारणार न्हाई." आणि खरंच कुणी विचारलं नाही.

वेगळा ब्लॉग आम्ही दोघांच्या नावानं केला. लिहायचे दाजीच. पण आता ते मला हवं होतं तसं लिहीत. सुधारणा अमुक, सुधारणा तमुक, अडचण आल्यास संपर्क साधावा. सगळं नेमकं, स्वच्छ; एकाही माणसाचं नाव नाही. बियाणे कंपनीचे साहेब खूश झाले. काम वाढलं. आपलं जुनं पान मात्र दाजींनी पुन्हा उघडलं नाही. "लिहा की हो," मी किती वेळा म्हणालो. ते म्हणत, "दोन पानं चालली की लोक म्हणणार, ह्यांचं अजून वेगळंच हाय. कशाला?"

आता दाजी धारूरला असतात. गाळा मी सांभाळतो. कधी कुणी जुना दुकानदार फोन करतो, प्रोग्रॅममध्ये नवीन काय म्हणून विचारतो. मी सगळं व्यवस्थित सांगतो. पलीकडून "बरं, बरं," येतं. मग जरा थांबून तो म्हणतो, "अन् बाकी?"

बाकी मला माहीत नसतं. विचारून सांगतो म्हणतो आणि धारूरला फोन लावतो.