मिटलेलं पुस्तक

पडदा वर जातो. नववीचा रिकामा वर्ग, खिडकीपाशी टेबल, टेबलावर एकच पुस्तक. पुस्तकामागे माझी धाकटी बहीण. एकतीस वर्षं भाषा शिकवून तिची नजर अशी बारीक झालेली, की मुलं तिला पाठीमागे 'भिंग' म्हणत. शेजारी मी, जन्मभर नाटकात काम केलेली. दुसऱ्या परीक्षक बाई आजारी पडल्या, म्हणून माझी ही पाहुणी भूमिका.

लहानपणी माझ्या नाटकाची वही तिच्याच हातात असे. मी स्वगत धडाधड म्हणून टाकलं की ती वही मिटायची.

"ताई, पण ही रडतेय कशाला?"

"लिहिलंय म्हणून."

"मग तुला आलंच नाही."

शाळेतही तिनं आयुष्यभर हेच केलं.

त्या दिवशी वाचनाची परीक्षा होती. आम्हा दोघींपैकी एकीनं जरी नापास केलं, तरी मूल कच्च्या तुकडीत जाणार. उताऱ्यात एक म्हातारा शिंपी दुकान कायमचं बंद करतो. पहिल्या मुलानं काय वाचलं म्हणता, आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत. मी दहापैकी दहा दिले. बहिणीनं पुस्तक मिटलं.

"दुकान बंद करताना त्याला कसं वाटत होतं?"

मुलानं मिटलेल्या पुस्तकाकडे हात नेला. म्हणाला, "बाई, परत वाचू का?"

नंतर एक मुलगी आली. ही गेलं वर्षभर कच्च्या तुकडीतच होती, या वर्षी कशीबशी मैत्रिणींसोबत बसलेली. दर तिसऱ्या शब्दाला ठेच. घामानं पुस्तकाची कड ओली झाली. जड मनानं मी तीन लिहिले. बहिणीनं पुस्तक मिटलं, तोच प्रश्न विचारला.

"त्याला बंद करायचंच नाहीये, बाई. कुणीतरी थांबवावं असं वाटतंय."

"कुठे लिहिलंय तसं?"

"लिहिलं नाहीये. पण कुलूप लावल्यावर तो तीनदा मागे बघतो. आणि किल्ली खिशात टाकत नाही, हातातच धरतो."

ती किल्ली मीही ऐकली होती, पण माझं सगळं लक्ष तिच्या अडखळण्यावर. मी तीनवर काट मारून नऊ लिहिले.

बहिणीनं तिरप्या नजरेनं कागद पाहिला. "आलं का गं ताई, आता तरी?"

"आलं बाई. पन्नास वर्षं लागली."

ती खुदकन हसली, खुर्चीला टेकली. सकाळपासून ताठलेले तिचे खांदे पहिल्यांदा सैल झाले. मुलगी अजून उभीच होती, आमच्या तोंडाकडे बघत.

"अगं, उभी काय? जा, आपल्या वर्गात बस," बहीण म्हणाली. "आणि आधी डबा खा."