मागून ओढलं पाहिजे

धास्तीभाऊ दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दारातसुद्धा आधी हात घालून बघत आणि मगच आत शिरत. मूळचे नागपूरचे, इकडे आयर्लंडमध्ये लिक्सलिपच्या चिप कारखान्यात इंजिनियर. घाबरण्यात आमच्या गणेश मंडळात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नाव मीच ठेवलेलं. त्यांना त्याचा राग नव्हता. "घाबरतो म्हणून जिवंत आहे बे," म्हणायचे.

मूर्ती, स्टेज, स्पीकर, जनरेटर असा सगळा संसार वाहायला मंडळाने एक जुना ट्रेलर घेतला. कुणीतरी अमेरिकेतून आणलेला, विजेवरच्या ब्रेकचा. त्यासाठी भाऊंनी आपल्या पिकअपमध्ये कंट्रोलरची डबी बसवली. पायाने ब्रेक दाबला की तिच्यातून निळ्या वायरीने ट्रेलरच्या चाकांपर्यंत करंट जाणार. भाऊ डॅशबोर्डखाली उताणे पडून एकेक वायर जोडत, ओढून बघत आणि पुन्हा जोडत. डबीला एक छोटी दांडी होती. ती सरकवली की नुसत्या ट्रेलरचे ब्रेक लागत. फाटकाबाहेर पडण्याआधी ती सरकवून बघायची, हा त्यांचा नेम. "मागून ओढलं पाहिजे," ते सांगत. "नाही ओढलं, तर ते ओझं आपल्यामागे नाही, आपल्या अंगावर येतंय."

रोषणाई माझ्याकडे होती. मी पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. माझ्या हाती पक्कड देणं ही मंडळाची चूक. ट्रेलरखाली एक निळी वायर अगदी हाताशी आली. ब्रेकच्या दिव्याची समजून मी ती कापली आणि तिला दिव्यांची माळ जोडली. मुलीला पिकअपमध्ये बसवून ब्रेक दाबायला लावला, तशी मूर्तीमागची माळ झळकली. "ग्रँड, बाबा," ती इथल्या आयरिश पोरांसारखं म्हणाली. ब्रेक लागला की बाप्पा उजळणार! मी स्वतःवरच खूश.

त्या दिवशी ड्रोहेडा गावातल्या डॉक्टर मंडळींकडे आरती होती आणि आम्हाला उशीर झालेला. भाऊंचा हात दांडीकडे गेला, तसा मी म्हणालो, "भाऊ, तिकडे आरती संपेल, पण तुमची तपासणी संपायची नाही." मागच्या सीटवर मुलगी हसली. भाऊ ओशाळले. हात मागे घेतला.

वाटेत रस्ता सपाट आणि भाऊंचा वेग बैलगाडीचा, त्यामुळे काही कळलं नाही. ड्रोहेड्यात मात्र रस्ता नदीकडे उतरतो. भाऊंनी ब्रेक दाबला आणि ट्रेलरने आम्हाला पाठीत ढोसलं. आरशात बाप्पा लखलखत होते आणि आम्ही घसरत होतो. खाली सिग्नल लाल. एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. मागून मुलगी "बाबा?" एवढंच म्हणाली, आणि मला मान वळवून तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

भाऊंचा चेहरा शांत होता. "घाबरायचं काम तू कर," ते म्हणाले. "माझं घरीच उरकलंय." गिअर खाली आणला, हॉर्नवर तळवा दाबून धरला आणि पिकअप डावीकडच्या चढाच्या गल्लीत घातली. चढावर ती धापा टाकत थांबली.

भाऊ उतरून ट्रेलरखाली वाकले. कापलेलं निळं टोक हातात घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "छान दिसत होते पण बाप्पा." त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं.

आईवडील थकले म्हणून भाऊ नागपूरला परतले. जाताना पिकअप माझ्या हवाली केली. त्यांच्या आयुष्यातला हा दुसरा बेसावधपणा. आता ट्रेलर मी ओढतो. फाटकापाशी दांडी सरकवतो, आणि मागून ओढ लागेपर्यंत मी श्वास घेत नाही. शेजारी मुलगी बसलेली असते. तीही घेत नाही.