देवघरातलं डुक्कर

मी सूड उगवला तो एका चांदीच्या डुकराकरवी, आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा ठेवायला नको.

आम्ही काशीतले मराठी. घर भोसले घाटामागच्या गल्लीत. नवरा रेल्वेत, आणि थोरले दीर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय. मी घरी परदेशी विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवते. त्यातल्या एकानं परत जाताना दक्षिणा म्हणून घोड्याचं चांदीचं नाणं हातावर ठेवलं. त्यांच्याकडे, म्हणजे चीनच्या बाजूला, चांद्र वर्षांना जनावरांची नावं असतात. बारा वर्षांची बारा जनावरं, मग पुन्हा पहिल्यापासून. जगातले कितीतरी देश दर वर्षी त्या त्या जनावराचं नाणं काढतात. मला त्याचं वेडच लागलं. पुढे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगूनच ठेवू लागले, की दक्षिणा द्यायची असेल तर जनावर द्या. ऑस्ट्रेलियाचा उंदीर आला, फ्रान्सचा ससा आला, चीनचा ड्रॅगन आला. प्रत्येक नाणं आपापल्या गोल पारदर्शक डबीत. बाहेर काढायचंच तर कडेनं धरायचं, कारण आरशासारख्या त्या चकाकीला बोट लागलं की डाग कायमचा.

अल्बम देवघरातल्या लोखंडी कपाटात असे, पूजेच्या चांदीच्या भांड्यांशेजारी. त्यामुळे दिरांची त्यावर नजर. देवांच्या शेजारी जनावरं ठेवायची तर त्यांना कारणं लागत, आणि त्यांनी ती शोधलीही होती. उंदीर गणपतीचा, बैल शंकराचा, वाघ देवीचा, माकड म्हणजे मारुती. कुत्रा कालभैरवाचा, मग काशीत त्याला कोण हटकणार? ड्रॅगनला त्यांनी मगरीचा भाऊबंद ठरवून गंगेच्या खात्यावर घातलं. अकरा जनावरं अशी बिनबोभाट नांदली.

बारावं डुक्कर. ते मला सिंगापूरच्या एका वृद्ध बाईंनी दिलं. सत्तरी उलटल्यावर त्या संस्कृत शिकायला आल्या होत्या आणि माझ्याकडे दोन हिवाळे बसल्या. त्यांचा जन्म डुकराच्या वर्षातला. ते नाणं त्यांनी स्वतःसाठी घेतलं होतं, आणि निघताना माझ्या अल्बममधली रिकामी जागा बघून पर्समधून काढून दिलं. मी नको नको म्हटलं, पण त्यांनी माझी मूठ मिटवली. त्या दिवशी माझा संच पुरा झाला. मी लहान मुलीसारखी दिवसभर अल्बम उघडून बघत होते.

पुढच्याच महिन्यात मी बहिणीकडे गेले. परतले तर बाराव्या जागी डबी होती आणि डबीत काही नव्हतं.

आमच्या घरात थोरले दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाहीत. जुनी रीत आहे. मी समोर वाढत असले तरी ते माझ्या नवऱ्याला सांगतात. तसंच त्या रात्री जेवताना सांगितलं, "तिला सांग, तो सूअर मी गंगार्पण केला. घरात देव आहेत, तिथे सूअर कसा चालेल? मँझधारेत नाव नेऊन सोडला, हात जोडून."

नवऱ्यानं आमटीसाठी वाटी पुढे केली.

"आणि डिबिया ठेवली आहे म्हणावं. प्लास्टिक गंगेत नाही टाकत मी."

मी आमटी वाढली. डोक्यात एकच होतं, की याची परतफेड झाल्याशिवाय मी मरणार नाही. नंतर नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, भैयाच तो." ते एक वाक्य मी त्यालाही माफ केलेलं नाही.

दीर एवढे शास्त्री, पण डुकराचं कारण त्यांना सुचलं नव्हतं. मला सुचलं होतं. एका विद्यार्थ्याला सांगून कॅनडाचं डुक्कर मागवलं आणि ते साड्यांच्या तळाशी लपवून भाद्रपदाची वाट बघितली.

हरतालिकेच्याच दिवशी वराहजयंती येते. त्या वेळी घरात नागपूरचे यजमान उतरले होते, जुनं आणि दिरांच्या दृष्टीनं फार मोलाचं घराणं. सगळे बैठकीत जमल्यावर मी तांदळाची रास घातलेलं ताम्हण आणलं. राशीवर डुक्कर. नवऱ्याकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "भावोजींना सांगा, आज वराहजयंती. विष्णूचा तिसरा अवतार. यजमानांसमोर पूजा झाली तर बरं होईल."

दिरांचे कान लाल झाले. ते काही बोलण्याआधी यजमानांच्या आईंनी उठून ताम्हणाला वाकून नमस्कार केला. आता नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडानं? दीर पाटावर बसले. ज्याला त्यांनी सूअर म्हणून बुडवलं होतं त्याचे त्यांनी पाय धुतले, त्याला दूध, दही, तूप, मध, साखर घातली, गंध लावलं, आरती ओवाळली. चकाकी डोळ्यांदेखत गेली, पण मी काळजावर दगड ठेवला. डागाळलेलं का होईना, डुक्कर ते डुक्करच. एकदा उत्तरपूजा झाली, देवाला निरोप दिला, की पुसून अल्बममध्ये ठेवणार होते. माझे बारा पुरे होणार होते.

यजमान पांगल्यावर मी नवऱ्याकडे बघत विचारलं, "उत्तरपूजा उद्या ना?"

दीर ताम्हण उचलून उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघून मला उत्तर दिलं.

"उत्तरपूजा वाळूच्या हरतालिकेची. याची मी प्राणप्रतिष्ठा केली, तुमच्यासमोर. ध्यान नव्हतं वाटतं तुमचं? आता हा घरचा देव. अल्बममध्ये नाही ठेवता येणार."

आणि त्यांनी डुक्कर बाळकृष्णाशेजारी नेऊन बसवलं.

माझं खरंच ध्यान नव्हतं. मी त्यांचे लाल कान बघत बसले होते. कपाटाला कुलूप नाही, देवघराला दार नाही, मी ते केव्हाही उचलू शकते. पण प्रतिष्ठा केलेला देव निरोप दिल्याशिवाय उचलायचा नाही एवढं माझ्याही हाडीमासी खिळलंय, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. निरोप ते देणार नाहीत.

म्हणून मी एकच करते. रोज सकाळी देवघराच्या उंबऱ्यात उभी राहते आणि ते डुकराला आंघोळ घालतात ते बघते. एखाद्या दिवशी त्यांनी घाईत नुसतं पाणी शिंपडलं, तर नवऱ्याला सांगते, "भावोजींना म्हणावं, वराहाचं दूध राहिलं." ते दूध घालतात. त्यांचे गुडघे गेलेत, पाटावरून उठताना भिंत धरावी लागते. त्यांच्यामागून घरातली पूजा माझ्या नवऱ्याकडे येईल, आणि त्याला एक मंत्र धड येत नाही. मी सांगेन तसा तो म्हणेल.

उत्तरपूजेचा मंत्र मला तोंडपाठ आहे. डबी मी पुसून ठेवली आहे.