यशवंतरावांची साक्ष

तार आली तेव्हा मी साताऱ्याला, मागच्या पडवीत गहू निवडत होते. ‘आण्णा गेले. निघा.’ एवढंच. तार वाचून मी बाजूला ठेवली, सुपातले उरलेले गहू निवडले, डब्यात भरले, झाकण लावलं. मग एसटीनं सांगली गाठली. आज महिना होऊन गेला. थोरला भाऊ गेला हे मला माहीत आहे. पण जिथं पोचायचं तिथं ते अजून पोचलेलं नाही...

आण्णांनी सांगलीच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. मनात मात्र त्यांच्या एकच माणूस होता, आमचे पणजोबा यशवंतराव. पाटणच्या बाजूला आमच्या घराण्याची लहानशी जहागीर होती. जहागीरदारांना मूल नव्हतं. शेवटच्या आजारात त्यांनी नऊ वर्षांच्या यशवंतरावांना दत्तक घेतलं, असं आमच्या घरात सांगत. जहागीरदारांच्या चुलतभावाचं म्हणणं वेगळं होतं : जहागीरदार आधीच गेले होते, जहागीरदारीणबाईंनी मढ्याच्या मांडीवर पोर बसवलं. दत्तकं नामंजूर व्हायचे ते दिवस. कंपनीच्या साहेबानं मुलालाच समोर उभं करून विचारलं. मुलानं सांगितलं, “हात ऊन होता. माझ्या डोक्यावर ठेवला.” साहेबाला ते पटलं नाही. जहागीर चुलतभावाकडे गेली आणि यशवंतराव दत्तक आईबरोबर सांगलीला, कृष्णेकाठी दोन खोल्यांत येऊन राहिले. तिथंच म्हातारे झाले. मुंबईला, विलायतेला अर्ज लिहीत राहिले. लोक तोंडावर ‘सरदार’ म्हणत, माघारी ‘मढ्याचा दत्तक’.

हा डाग पुसायचा, एवढ्यासाठी आण्णा मोडी शिकले. सुट्टी लागली की दप्तरखान्यात जाऊन बसत. वहिनी वारल्या त्या वर्षीही गेले. पणजोबांच्या चरित्राची अकरा प्रकरणं त्यांनी लिहून पुरी केली होती. सगळ्यांचा रोख एकच, की दत्तक खरं होतं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं पाटणला आमच्या जुन्या उपाध्यांच्या घरी गेलो. त्यांनी माळ्यावरचं जुन्या कागदांचं एक बासन काढून दिलं. आण्णा सोप्यात बसून वाचत होते, मी वाळत घातलेल्या हळदीकडे बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी हाक मारली, “शालू, इकडं ये.” यशवंतरावांनी म्हातारपणी उपाध्यांना लिहिलेलं ते पत्र होतं. आण्णांनी सावकाश वाचून दाखवलं. मांडीवर बसविले तेव्हा हात गार होता. आम्ही मातुःश्रींस विचारिले. त्या म्हणाल्या, ताप उतरला. साहेबापुढे आम्ही ऊन म्हणालो. पुढे तेच म्हणत राहिलो. आता फिरण्यास जागा नाही...

मी म्हटलं, “आण्णा, परत बांधून ठेवा. कुणाला कळणार आहे?”

ते म्हणाले, “मला कळलं ना.”

परतताना एसटीत ते पिशवी मांडीवर घेऊन बसले. साठ वर्षांचा माणूस, जन्मभर ज्याचा वकील झाला त्यानंच खोटी साक्ष दिलेली. मी रागावले होते. आता वाटतं, तेव्हा त्यांच्या हातावर नुसता हात ठेवायला हवा होता.

पुढच्याच महिन्यात ते पुन्हा पाटणकडे निघाले. चुलतभावाच्या वंशातले एक निवृत्त सुभेदार तिथल्या एका खेड्यात असतात. जहागिरी कधीच गेल्या, त्यांच्याकडेही आता थोडा ऊस आणि फौजेची पेन्शन. आमच्या घरातलं कुणी त्या अंगणात पाऊल टाकत नव्हतं. मी बरोबर नव्हते, हे आण्णांनीच मागून सांगितलं. त्यांनी उभ्यानंच पत्र वाचलं. सुभेदारांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

“हे छापनार तुमी?”

“छापणार.”

“मग आमचा म्हातारा खरा ठरतोय. तुमच्या हाती काय ऱ्हायलं?”

आण्णांनी पत्राची घडी घातली. “नऊ वर्षांचं पोर राहिलं,” म्हणाले.

 सुभेदार आण्णांची पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत आले, एवढंच. आण्णांनी अकराही प्रकरणं बाजूला ठेवून चरित्र नव्यानं लिहायला घेतलं. चौथं अर्ध्यावर आहे.

तेराव्याला सांगलीच्या घरी माणसं जेवून उठत होती. दारात एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. मी ओळखलं नाही. त्यांनी टोपी काढली. डोकं नुकतं भादरलेलं होतं.

“पेपरात वाचलं आमी,” ते म्हणाले. “धा दिस सुतक पाळलं. घरातल्या समद्यांनी.”

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच राहिला. दत्तकच मान्य नव्हतं, म्हणून सव्वाशे वर्षं या सुभेदारांच्या घरात आमचं सुतक धरत नव्हते. अर्ज लिहून लिहून यशवंतरावांना जे मिळालं नाही ते घेऊन हा माणूस डोकं भादरून आला होता. आणि हे ज्यांना सांगायचं ते आण्णा घरात नव्हते.

जेवायला बसा म्हटलं, तर म्हणाले, “आवं, मास्तर कुठं बसायचं लिवायला?”

मी आतली खोली दाखवली. खिडकीशी उतरतं डेस्क, खाली बैठक, त्यावर आण्णांच्या बसण्यानं पडलेला खळगा. सुभेदार टोपी हातात धरून बघत राहिले. बसले नाहीत. मीही बसा म्हटलं नाही... ती बैठक आम्ही अजून झटकलेली नाही.