दोन लेकरांची गाडी

सांगते मी, लिहिते माझी नात. त्यामुळे माझी बोली कमी आणि तिची शाळा जास्त दिसली, तर बोल तिला लावा.

घाटनांदूरच्या आसपास आमच्या ह्यांच्या हातच्या तिफणी कितीतरी वर्षं चालल्या. दारं, चौकटी, बैलगाड्या, सगळं त्यांनी केलं. पण गावाच्या लक्षात राहिली ती त्यांनी केलेली एक लहानशी गाडी, कारण ती वाकडी होती. दोन लेकरं शेजारी शेजारी बसतील अशी तिची बैठक, मधे एक फळी, आणि डावी बाजू उजवीपेक्षा चांगली वीतभर रुंद. ओढायला लागलं की गाडी जरा डावीकडेच खेचायची. पारावर बसणारी रिकामटेकडी माणसं विचारायची, "धुळाजी, त्या दिवशी किती शिंदी पिला होतास बे?" मी नवऱ्याचं नाव घेत नाही, पण गाव धुळाजीच म्हणायचं, म्हणून नातीनं तसं लिहिलंय. हे कधी उलटून बोलले नाहीत. खाली मान घालून रंधा मारत राहायचे. त्यांच्यापेक्षा मलाच जास्त झोंबायचं, आणि घरी आल्यावर मीही त्यांना चार शब्द ऐकवायचे.

ती गाडी महानंदाची. महानंदा वाण्याची, मी सुतारीण, पण एकाच वर्षी दोघी या गल्लीत नांदायला आलो, आणि आमच्या सुतारशाळेची भिंत तिच्या दुकानाच्या परसाला लागून होती. तिचा नवरा मल्लिकार्जुन सज्जन माणूस. गूळ, मीठ, तेल आणायला तो मोमिनाबादला, परळीला जायचा आणि चार चार दिवस बाहेर राहायचा. दुकान खरं चालवायची महानंदाच. बाजाराच्या दिवशी वेशीपाशी गुळाच्या ढेपा मांडून बसायची. तिचं हसणं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू यायचं, आणि सासूनं कितीदा दटावलं तरी ते काही लहान झालं नाही.

ते हसणं बंद झालं वीरभद्राच्या तापानं. वीरभद्र तिचा थोरला. तीन वर्षांचा असताना फणफणून ताप आला, आठवड्यानं उतरला, पण पोराला उभं करायला गेलं तर पाय काही अंग धरेनात. ओल्या फडक्यासारखे लोंबायचे. मल्लिकार्जुननं मोमिनाबादच्या हकिमाला दाखवलं. त्यानं पाय दाबून पाहिले आणि सांगितलं की यावर इलाज नाही. महानंदानं तेलं चोळली, महादेवाला सोमवार धरले, अंगारे लावले. मग तिनं पोराला कडेवर घेतलं ते घेतलंच. दुकानात कडेवर, शेतात कडेवर, नदीला धुणं न्यायचं तरी कडेवर.

वीरभद्र सहा संपून सातव्यात गेला आणि जगदेवी, आमची जगी, जन्मली. आता एका कडेवर दोन लेकरं कशी मावणार? पण त्याहून मोठी पंचाईत तिनं स्वतःच्या तोंडानं करून ठेवली होती. जगी पाळण्यात असताना एकदा वीरभद्रानं विचारलं, मी कवा चालणार? महानंदा म्हणाली, "लहान लेकरं चालत नसत्यात बाळा. जगी चालाय लागली की तू बी तिच्यासंगं चालशील." पोरानं पाळण्याला झोका दिला. तिला वाटलं, समजूत पटली. मला तिनं हे सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. अगं, जगी तर वर्षभरात चालेल, मग काय सांगशील? ती म्हणाली, तवाचं तवा बघू.

तर गाडी. मल्लिकार्जुनचं म्हणणं पडलं की कावड करावी, दोन बाजूंना दोन टोपल्या. पण एकीकडे सात वर्षांचं पोर आणि दुसरीकडे तान्हं, कावड खांद्यावर ठरणार कशी? मग तो मोमिनाबादहून खबर घेऊन आला. छावणीतला कुणी साहेब जाताना त्याच्या लेकरांची ढकलगाडी मागं ठेवून गेला होता, आणि ती एका जुन्या सामानाच्या दुकानात होती. वर कातड्याची छत्री, खाली स्प्रिंगा, आणि दोन लेकरं समोरासमोर बसतील अशी बैठक. महानंदा बैलगाडीत बसून ती बघायला गेली आणि मलाही ओढून नेलं. एवढी देखणी वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. मल्लिकार्जुन लगेच घ्यायला तयार झाला.

महानंदानं वीरभद्राला एका बाजूला बसवलं, जगीला त्याच्यासमोर, आणि नुसती बघत उभी राहिली. जगी तेव्हा पाय झाडायच्या वयाची. तिचे पाय त्याच्या डोळ्यांपुढं एकसारखे हलत होते, आणि त्याचे तिथंच, तिच्या पायांखाली, मुके पडलेले. महानंदानं दोघांना उचललं आणि नवऱ्याला सांगितलं, चाकं बारीक हायत, आपल्या काळ्या रानात रुततील. चाकं बारीक होती हे खरं, पण येताना वाटेत ती मला म्हणाली, "दिसभर तिचे पाय त्याच्यापुढं नकोत बाई."

म्हणून मग आमच्या ह्यांच्याकडे आली. बाभळीच्या लाकडाची, भरीव चाकांची, दोरीनं ओढायची गाडी हवी म्हणाली. ह्यांनी सुचवलं की एकामागं एक बैठक करू, गल्ली अरुंद आहे, गाडी सहज निघेल. तिला तेही नको होतं. मागं बसलेल्याला पुढच्याची पाठ दिसणार, आणि पुढच्याला वाटणार आपण एकटेच. शेजारी शेजारी पाहिजेत, दोघांनी एकाच दिशेनं बघावं, दोघांची जागा सारखी, कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही. हे तिनं दोनदा बजावलं. मग माप घ्यायला वीरभद्राला सुतारशाळेत ठेवून ती दुकानात गिऱ्हाईक बघायला गेली.

आठ-दहा दिवसांनी गाडी तयार झाली आणि बघतो तर ती अशी वाकडी. सारखी जागा सांगितली होती, आणि वीरभद्राची बाजू रुंद, वर पुढंही फळी वाढवलेली. मी तर चिडलेच. महानंदाच्याही चेहऱ्यावर आठी उमटली, पण भिडेखातर तिनं तशीच दोरी हातात घेतली. हे म्हणाले, जरा चुकलं, राहू दे. एवढंच. तिथून पारावरची चेष्टा सुरू झाली.

पण गाडी कामाला आली. महानंदा पुढं दोरी धरून, मागं दोघं लेकरं, जगी घसरून पडू नये म्हणून फडक्यानं बांधलेली. शेताच्या वाटेवर वीरभद्र तिला पाखरं दाखवायचा, बैलांची नावं सांगायचा. गाडी डावीकडे खेचायची म्हणून महानंदाला उजवीकडे अंग टाकून चालायची सवयच लागली. पुन्हा एकदोनदा तिचं ते मोठं हसणंही मी ऐकलं.

जगीला वर्ष झालं. आमच्या गल्लीतली तिच्या बरोबरीची लेकरं भिंत धरून उभी राहायला लागली. जगी मात्र गाडीतच. घरात असली तर महानंदाच्या मांडीवर, नाहीतर झोळीत. ती खाली उतरायला धडपडायची, तर महानंदा तिला हळूच परत बसवायची आणि ते फडकं थोडं आवळायची. दीड वर्ष झालं तरी तेच. मी सांगून पाहिलं, भांडूनही पाहिलं. अगं, एकाचं मन राखायला तू दुसऱ्याचे पाय बांधतेस, हे कुठलं शहाणपण? ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, अजून थोडे दिवस. मला तिचा संताप यायचा आणि तिच्याकडे बघून रडूही यायचं. गाव तर बोलायला मोकळंच. वाण्याची दुसरीही तशीच निघाली, काहीतरी शाप आहे घराला, असं सगळीकडे झालं.

एका दुपारी चुलीसाठी छिलपे गोळा करायला मी सुतारशाळेमागं गेले. महानंदा दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होती. गाडी तिच्या परसात उभी होती, वीरभद्र आपल्या जागेवर, आणि जगी खाली, मातीत. त्यानं फडकं सोडून तिला उतरवलं होतं. एका हातानं तिचं बोट धरलेलं, आणि ती गाडीची कड धरून चाकाला वळसा घालत होती. तो हळू आवाजात सांगत होता, हा पाय, आता त्यो पाय. मला बघून दोघंही थबकली.

"मामी, मायला सांगू नका," तो म्हणाला. "तिला वाटतंय मला मालूम न्हाई."

मी हातातले छिलपे खाली ठेवले. मग तो म्हणाला, लोक जगीलाबी पांगळी म्हणायलेत, म्हणून शिकवायलो. आणि महानंदाची हाक आली तसं त्यानं पोरीला वर ओढून घेतलं आणि फडकं बांधलं. गाठही तशीच मारली, आई मारायची तशी. मी घरी आले आणि चुलीपुढं बसून रडले. कुणाला सांगितलं नाही. त्याचं गुपित त्याच्या आईपाशी मी कसं काय फोडणार होते?

ते फुटलं बाजाराच्या दिवशी. महानंदा गूळ मांडून बसली होती, गाडी पलीकडे लिंबाखाली. मी तिच्याशेजारीच होते. पाटलाच्या घरच्या वच्छलाबाई गूळ घ्यायला आल्या. बाई मनानं वाईट नव्हत्या, पण जिभेला लगाम नाही. गाडीकडे बघत त्यांनी विचारलं, दोन्ही लेकरं तशीच का गं? मला वाटलं, आता महानंदा उसळेल. तिनं वर बघितलं. वीरभद्र इकडेच बघत होता, सगळं ऐकू जात होतं.

"व्हय बाई," महानंदा म्हणाली, "दोघंबी तशीच हायत."

पोटच्या धडधाकट पोरीला तिनं भर बाजारात पांगळी करून टाकलं. वच्छलाबाई चुकचुकल्या. तेवढ्यात वीरभद्रानं फडक्याची गाठ सोडली. बगलेत हात घालून त्यानं बहिणीला गाडीच्या कडेवरून खाली उतरवलं आणि म्हणाला, "जगी, जा. मायकडं जा."

जगी निघाली. मिरच्यांच्या ढिगाशेजारून, बायकांच्या लुगड्यांमधून, डुलत डुलत, मधे एकदा पडून पुन्हा उठत ती आली आणि गुळाच्या ढेपेला हात टेकून आईपुढं उभी राहिली. महानंदानं पोरीकडे बघितलंच नाही. ती वीरभद्राकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी पुन्हा कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही.

"माय, तिला चालू दे," तो तिथूनच म्हणाला. "मी हाय की गाडीत."

तिनं तागडी तशीच टाकली आणि त्याच्या पायांशी जाऊन बसली. रडली ती, आणि तोच तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. ह्यांना म्हणाली, धुळाजीदादा, मधली फळी काढून टाका, आता एकट्याचीच गाडी. मग माझ्याजवळ बसली. तिच्या मनात एकच घोळत होतं. पोराला कधी कळलं? किती दिवस तो आपल्याकडे बघून हसत होता आणि आतून जाणून होता? कुणी सांगितलं त्याला? मी परसातली गोष्ट सांगितली, पण त्यावेळी तर त्याला आधीच ठाऊक होतं.

ह्यांनी हातातला, लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. "माप घेतलं त्या दिशीच मालूम होतं त्याला," हे म्हणाले. "मी दोरी लावत होतो. त्यो म्हणला, मामा, माजी बाजू मोठी करा. जगी उतरंल, मी न्हाई. मला ह्यातच मोठं व्हायचंय. मायला सांगू नका म्हणला."

महानंदा उठली. दाराशी गाडी उभी होती. तिनं त्या रुंद बाजूच्या फळीवर तळहात टेकवला. मला माझे ते टोमणे आठवले, पारावरचे आठवले, आणि ह्यांची खाली घातलेली मान आठवली. जाताना महानंदा म्हणाली, मधली फळी राहू द्या.

पुढं जगी दोरी ओढायला लागली. दमली की आपल्या जागेवर चढून बसायची, मग महानंदा दोघांना ओढायची. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली वीरभद्र चौदा वर्षांचा होता. तीन दिवस तापात होता, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मला महादेवाला नेऊन आणा म्हणाला. गावात त्याला उचलून न्यायला धड माणूस उरला नव्हता, मल्लिकार्जुन स्वतः अंथरुणावर. महानंदानं आणि जगीनं मिळून त्याला गाडीत ठेवलं आणि देवळापर्यंत ओढत नेलं. तो वाटेतच गेला. परत आल्यावर ती आमच्या दारात थांबली आणि ह्यांना हाक मारून म्हणाली, "दादा, माप बरुबर हुतं. शेवटपर्यंत मावला."