खिडकीपाशीची खुर्ची

दसऱ्याआधीचा रविवार, मुलुंडचं घर. हजर: सासूबाई, धाकटी जाऊ आणि मी.

जुन्या बाजारातून आणलेल्या दोन सारख्या खुर्च्या आम्ही दोघी जावा एकेक रंगवणार होतो. चांगली होईल ती सासूबाईंच्या खिडकीपाशी जाणार होती, आणि ती माझीच असावी असं मला फार वाटत होतं. रंग दाट, बिनचकाकीचा बसावा म्हणून मी खडूची पूड मोजून त्यात कालवली. जावेने उरलेली पांढरी रांगोळी वस्त्रगाळ करून अंदाजानेच घातली. वाळल्यावर माझ्या रंगात गुठळ्या दिसल्या, तिचा साईसारखा मऊ निघाला.

सासूबाई सरळ तिच्या खुर्चीत बसल्या. "ही टोचत नाही गं," म्हणाल्या.

"ताई, माझा रंग उरलाय. तुमची घासून परत मारा ना," जाऊ म्हणाली.

"ठेव तिथे," मी म्हटलं.

तिचा डबा बाल्कनीत आहे. माझी खुर्ची मी अजून घासलेली नाही.