गोटीराम बोराडे आणि निसारभाईंच्या वेबसाइटी

गोटीराम बोराडे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं टर्बाइनवर होते आणि त्यांचा सगळा अभिमान कानात होता. मशीनजवळ जाताना कानात बोळे घालायचा नियम होता. सगळे घालायचे. गोटीराम मात्र ते शर्टाच्या खिशात ठेवायचे. साहेब दिसले की कानात, साहेब वळले की परत खिशात. "कान बंद केले तर मशीन काय म्हणतंय ते कळणार कसं?" असं त्यांचं म्हणणं. बेअरिंगचा आवाज जरा बदलला की त्यांना आधी कळायचं, मीटरला नंतर. हे अगदी खरं होतं, खात्यातले लोक आजही सांगतात.

दुसरा नाद गाण्याचा. घोटीकडच्या आपल्या गावात भजनात टाळ वाजवतच ते मोठे झाले. निवृत्त झाल्यावर जेल रोडच्या घरात त्यांनी चांगला स्पीकर आणला, मोबाइल त्याला जोडला आणि बायकोला, लंकाबाईंना, सांगून टाकलं, "आता मी आणि गाणी. मला भाजी आणायला पाठवायचं नाय."

पण पंधरा दिवसांत त्यांचा मूड गेला. जुनी गाणी लावली की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. मग एक दिवस त्यांना शोध लागला.

"भेसळ करतात हे लोक," दुधाच्या बूथवर ते जमलेल्यांना सांगू लागले. "इंटरनेटवर गाणं चढवताना फाइल बारकी करतात ना, तेव्हा वरचे आवाज छाटून टाकतात. टाळ गायब. घुंगरं गायब. बासरी ठेवलीय, पण तिची फुंक काढून घेतलीय! आणि आताचे गायक तर तोंडात पान असल्यासारखे गातात, शब्दच कळत नाय."

त्यात थोडं तथ्यही असल्यामुळे लोक माना डोलवायचे. घरी लंकाबाई मात्र काहीतरी बोलायच्या. काय, ते गोटीरामांना ऐकू यायचं नाही.

ही तक्रार फिरत फिरत निसारभाईंपर्यंत पोचली. निसारभाई शेख म्हणजे त्याच केंद्रातले इलेक्ट्रिशियन, गोटीरामांच्याच वर्षी निवृत्त झालेले, देवळाली गावात राहणारे. कव्वालीचे जबरदस्त शौकीन. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, निसारभाई संगीताच्या वेबसाइटी जमवायचे. नवी सापडली की पहिला फोन गोटीरामांना. या वेळी ते म्हणाले, "बोराडे, फोनवर भांडू नकोस. उद्या सकाळी घरी ये. भेसळ आहे की नाही, बघूनच टाकू."

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर निसारभाईंनी गोटीरामांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि आपला खजिना उघडला. पहिल्याच वेबसाइटवर पृथ्वीचा गोळा होता. बोटाने फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, की तिथलं रेडिओ स्टेशन सुरू. गोटीरामांनी गोळा असा गरकन फिरवला की थेट समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर जाऊन थांबले. तिथे कुणीतरी माणूस हसत हसत गात होता.

"काय म्हणतोय?"

"मला काय माहीत! पण खूश आहे ना?"

दुसरी वेबसाइट तानपुरा वाजवायची. स्वर निवडायचा, मग तो दिवसभर थकत नाही. तिसरी गाण्याची गती कमी करायची, पण सूर खाली येऊ द्यायची नाही. निसारभाईंनी कव्वालीतली एक अवघड तान निम्म्या गतीवर लावली आणि तिचा एकेक स्वर मोकळा होऊन समोर आला. गोटीराम खुर्चीतच सरसावून बसले. "आयला, हा तर इथून वळतोय! तीस वर्षं मी चुकीचं गुणगुणतोय." चौथीवर तर जुन्या तबकड्या होत्या. हौशी लोकांनी सुयांच्या खरखरीसकट चढवलेल्या, कुणालाही फुकट ऐकता येतील अशा.

"इथे कुणी काही छाटलेलं नाही," निसारभाई म्हणाले. त्यांनी नाचाची एक तबकडी लावली आणि हेडफोन गोटीरामांच्या डोक्यावर चढवला. "घुंगरं ऐक."

गोटीरामांनी डोळे मिटून ऐकलं. मग हेडफोन काढला. "यातपण काढलीयेत."

निसारभाईंनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. घुंगरं छान वाजत होती. त्यांनी आणखी एक वेबसाइट उघडली. तिच्यात गाणं नव्हतंच. नुसता एक सूर, आणि तो खालून वर सरकवायला एक पट्टी.

"हा खेळ आहे. आवाज बंद झाला की हात वर कर."

सूर जाड्या घुमण्यापासून सुरू झाला आणि शिट्टीसारखा बारीक होत वर गेला. गोटीरामांनी हात वर केला. "झाला बंद."

निसारभाईंनी पडद्यावरचा सुराच्या उंचीचा आकडा पाहिला. साडेतीन हजार. त्यांनी हेडफोन घेतला, आणि तो सूर तिथेच, सुईसारखा चालू होता. ते पट्टी वर नेत राहिले. त्यांचा हात वर झाला तेव्हा आकडा नऊ हजारांच्या पुढे होता.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"गाण्यात भेसळ नाही रे," निसारभाई हळू म्हणाले.

"काय?" गोटीराम म्हणाले. आणि आपण 'काय' म्हणालो हे त्यांच्याच लक्षात आलं. ते उठले, चपला घातल्या आणि चहा न घेताच निघून गेले.

पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी स्पीकर लावला नाही. निसारभाईंचे फोनही घेतले नाहीत. ज्या कानांनी टर्बाइनची प्रत्येक खोड ओळखली, त्यांनीच दगा द्यावा, हे त्यांना सहन होईना. बोळे खिशात ठेवल्याचं आठवलं की रिकाम्या खिशाकडे हात जायचा. शेवटी लंकाबाई समोर येऊन बसल्या आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "अहो, तीन वर्षं झाली सांगतेय. कुकरची शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाय. मी 'साखर' म्हटलं की तुम्ही 'कसलं खापर?' म्हणून विचारता. गाणाऱ्यांच्या तोंडात पान नाय, तुमच्या कानात बोळे राहिलेत."

"बोळे तर मी घातलेच नाय कधी!"

"म्हणूनच तर," लंकाबाई म्हणाल्या.

यावर मात्र गोटीरामांना हसू आलं. दुसऱ्याच दिवशी दोघं नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणी करणाऱ्या संजना मॅडमनी आलेखावरची घसरगुंडी दाखवली. वय आणि मशीनचा आवाज, दोन्हींनी मिळून वरचे सूर खाल्ले होते. कानात यंत्र बसलं.

पहिला दिवस भयंकर गेला. पंखा खडखडला, प्लास्टिकची पिशवी फटाक्यासारखी फुटली, लंकाबाईंच्या बांगड्यांनी तर कहर केला. "तू घरात एवढा आवाज करतेस?" असं ते म्हणाले आणि त्या दिवशी त्यांना जेवण उशिरा मिळालं. बोलणं स्वच्छ कळू लागलं. पण गाणं लावलं तर पत्र्याच्या डब्यात कुणी गातंय असं वाटे. आता आली का पंचाईत! घुंगरं परत आली होती, पण पत्र्याची.

मग ते स्वतः निसारभाईंच्या दारात गेले. माफी वगैरे काही मागितली नाही. "ती पट्टीवाली वेबसाइट लाव," एवढंच म्हणाले.

निसारभाईंनी ती लावली. गोटीरामांनी वहीत रकाने आखले, ड्युटीवर असताना मशीनचे आकडे टिपायचे तसेच. स्पीकर ठरलेल्या जागी, खुर्ची ठरलेल्या अंतरावर. पट्टी दर पाचशेला थांबवायची आणि लिहायचं: 'बरोबर', 'टोचतो', 'किणकिणतो', 'नाही'. चार सकाळी दोघांचं हेच चाललं होतं. मधे विरंगुळा म्हणून पृथ्वीचा गोळा.

वही पाहून संजना मॅडम चाट पडल्या. "काका, घरचा स्पीकर म्हणजे आमचं मशीन नव्हे, हे आकडे मी जसेच्या तसे घेणार नाही हं. पण कुठे टोचतं ते इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही." त्यांनी यंत्रात गाण्यासाठी वेगळी सोय करून दिली. बोलण्याला एक, गाण्याला दुसरी. दोन फेऱ्या लागल्या. तिसऱ्या वेळी मॅडमनीच आपल्या कॉम्प्युटरवर ती नाचाची तबकडी लावली. गोटीराम ऐकत बसले, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप ताल धरू लागला. संपल्यावर म्हणाले, "नाचणारी डाव्या पायावर जोर देतेय." लंकाबाई पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या.

आता दर गुरुवारी सकाळी निवृत्तांच्या मंडळाच्या हॉलमध्ये गोटीराम आणि निसारभाई कॉम्प्युटर मांडून बसतात. आधी गंमत: गोळा फिरव, गती कमी कर, तानपुऱ्यावर सूर लाव. मग चहा. मग पट्टी. पहिल्या गुरुवारी नऊपैकी पाचजणांचे हात चार हजारांच्या आत वर गेले. कोळसा विभागातले प्रफुल्ल सोनवणे तर "तुमचा हेडफोनच फालतू आहे" म्हणून तरातरा निघून गेले.

"जाऊ दे," गोटीराम निसारभाईंना म्हणाले. "मी चहा न घेता गेलो होतो. हा निदान चहा पिऊन गेलाय."

पुढच्या गुरुवारी प्रफुल्ल सोनवणे स्वतःचा हेडफोन घेऊन आले. त्यांच्या हेडफोनवरही सूर तिथेच बंद पडला. गोटीरामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, संजना मॅडमचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि त्यांच्या आवडीची तबकडी शोधायला कॉम्प्युटरकडे वळले.